रॅममधल्या फाइलींचा ठावठिकाणा: टीएमपीएफएस हातानं करून बघा

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम होती आणि डिस्कवर चांगली दोनशे जीबी जागा मोकळी पडलेली. एका दुपारी एक मोठी झिप फाइल मी /टीएमपी मध्ये, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये, उघडायला लावली आणि चहा टाकायला उठलो. आतला ऐवज साडेतीन जीबीचा. परत आलो तेव्हा माउसचा बाण एका जागी थिजला होता आणि डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नव्हता. वाटलं, ब्राउझरनंच मेमरी खाल्ली असणार. कसाबसा ब्राउझर बंद केला, तरी गाडी पूर्ण रुळावर आलीच नाही. अर्ध्या तासानं लक्षात आलं की त्या साडेतीन जीबी फाइली डिस्कवर गेल्याच नव्हत्या. त्या रॅममध्ये ठाण मांडून बसल्या होत्या आणि बाकी सगळ्यांना बाहेर ढकलत होत्या.

ही करामत टीएमपीएफएस नावाच्या फाइल सिस्टिमची. लिनक्सवर नव्यानं आलेल्या बऱ्याच जणांना ती ‘रॅममध्ये केलेली डिस्क’ वाटते. मलाही तसंच वाटायचं. पण तेवढंच धरून चाललात तर कधी ना कधी फसाल. म्हणून हा लेख वाचता वाचता सोबत टर्मिनल उघडं ठेवा आणि एकेक पायरी स्वतः करून बघा. शक्यतो जुन्या मशीनवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. ऑफिसच्या सर्व्हरवर अजिबात नको.

कमांडबद्दल एक सूचना. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान. ‘सुडो’, ‘माउंट’, ‘फ्री’ हे ओळखीचे शब्द आहेत. ‘डीएफ’, ‘एमएनटी’ अशी एकेक अक्षरं उच्चारलेली दिसली की तीच अक्षरं टाइप करायची.

आधी ओटा, माळा आणि डबा

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीकडे पानांच्या हिशोबानं बघतो. आपल्या नेहमीच्या पीसी-लॅपटॉपवर एक पान म्हणजे ४०९६ बाइट. रॅममधल्या प्रत्येक पानाबद्दल त्याला एकच प्रश्न पडतो: जागा कमी पडली तर हे पान इथून हलवता येईल का, आणि हलवायचं तर कुठे?

रॅमला स्वयंपाकघरातला ओटा समजा. साध्या डिस्कवरची फाइल तुम्ही वाचता, तेव्हा तिची पानं ओट्यावर येतात. डब्यातली साखर वाटीत काढून ठेवावी तशी. डबा फडताळात आहेच. ओट्यावर गर्दी झाली की कर्नल ती वाटी बिनदिक्कत उचलतो, कारण पुन्हा लागली तर डब्यातून काढता येते. वाटीतल्या साखरेत काही बदल केला असेल, तर आधी डब्यात ओततो आणि मग वाटी उचलतो.

टीएमपीएफएसमधल्या फाइलीला डबाच नसतो. जे काही आहे ते त्या वाटीत. कर्नल ती पानं फेकू शकत नाही, कारण फेकली तर तुमची फाइल गेली. मग त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: पानं ओट्यावरच राहू द्यायची, नाहीतर माळ्यावर टाकायची. माळा म्हणजे स्वॅप, रॅम अपुरी पडली तर पानं ठेवायला राखलेली, एरवी डिस्कवरची जागा. प्रोग्रॅमनं स्वतःच्या कामासाठी मागून घेतलेल्या मेमरीलाही हाच नियम लागू आहे. त्यामुळे जागा मोकळी करायची वेळ आली की कर्नल टीएमपीएफएसच्या फाइलींची पानं प्रोग्रॅमच्या खाजगी मेमरीच्याच रांगेत उभी करतो. दिसायला फाइल असली तरी वागणूक मेमरीची.

ही कल्पना तशी जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सनओएस ४.० मध्ये १९८७ साली ती पहिल्यांदा आली. लिनक्समध्ये २.४ या कर्नलपासून, म्हणजे २००१ च्या जानेवारीपासून, टीएमपीएफएस हे नाव रुळलं. मात्र सामान्य वापरकर्त्याच्या /टीएमपी पर्यंत ती हळूहळू पोचली. लिनक्सच्या वितरणांपैकी (तयार संचांपैकी) फेडोरानं १८ व्या आवृत्तीत /टीएमपी तिच्यावर नेलं. डेबियननं मात्र ऑगस्ट २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीपर्यंत थांबणं पसंत केलं. म्हणजे वर्षानुवर्षं डेबियन वापरून परवाच नवी आवृत्ती घेतलेल्या माणसालाही माझ्यासारखाच दणका बसू शकतो.

पायरी १: आपल्या मशीनवर काय आहे ते बघा

फाइंडएमएनटी -टी टीएमपीएफएस
डीएफ -एच -टी टीएमपीएफएस

पहिली कमांड टीएमपीएफएसची सगळी ठिकाणं दाखवते. /डेव्ह/एसएचएम आणि /रन बहुतेक ठिकाणी दिसतीलच. /रन/यूझर/१००० सारखं काही दिसेल. ते तुमच्या लॉगिनचं खाजगी दालन. /टीएमपी यादीत आहे की नाही, ते मुद्दाम तपासा. नसेल तर तुमचं /टीएमपी साध्या डिस्कवर आहे आणि माझ्यासारखी फजिती तुमची होणार नाही.

आता दुसऱ्या कमांडच्या ‘साइझ’ रकान्यातले आकडे जोडून बघा. ८ जीबीच्या मशीनवर /डेव्ह/एसएचएम ४ जीबी, /टीएमपी ४ जीबी, लॉगिनच्या दालनाला सुमारे ८०० एमबी, वर /रन वेगळं. बेरीज रॅमच्या पुढे गेली. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, आपली रॅम आधीच वाटून संपली.

तसं नाही. साइझचा आकडा हा फक्त कमाल मर्यादा सांगतो. तेवढी जागा कोणी राखून ठेवलेली नसते. लग्नाची आमंत्रणं दोनशे आणि ताटं शंभर, असला हा मामला. रिकामी टीएमपीएफएस जवळपास काहीच खात नाही. फाइलीत बाइट लिहिला की त्या क्षणी पान घेतलं जातं, आणि फाइल पुसली की पान सुटतं. मर्यादा सांगितली नाही तर कर्नल रॅमच्या निम्मी धरतो. ही निम्मी नुसत्या रॅमची, स्वॅप तिच्यात मोजत नाहीत. लॉगिनच्या दालनाला सिस्टिमडी (मशीन सुरू करून सेवा सांभाळणारी यंत्रणा) रॅमच्या १० टक्के देतं. सगळे पाहुणे एकाच पंगतीला आले तर काय होतं, ते पाचव्या पायरीत.

पायरी २: स्वतःची एक बनवा

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/खेळ
सुडो माउंट -टी टीएमपीएफएस -ओ साइझ=५१२एम,मोड=१७७७ टीएमपीएफएस /एमएनटी/खेळ

‘खेळ’ हे नाव खरोखर देवनागरीत टाइप केलंत तरी चालेल. लिनक्सला फाइलीच्या नावात मराठीचं काही वावडं नाही. दुसऱ्या कमांडमध्ये टीएमपीएफएस दोनदा आलंय: पहिल्यांदा फाइल सिस्टिमचा प्रकार म्हणून आणि दुसऱ्यांदा, जिथे एरवी डिस्कचं नाव येतं तिथे. इथे डिस्कच नाही, त्यामुळे त्या जागी ‘गणपती’ लिहिलंत तरी माउंट होईल, म्हणजे त्या फोल्डरला जोडली जाईल. फॉरमॅट वगैरे करायची गरज नाही.

पायरी ३: भरा आणि आकडे बघा

आधी ‘फ्री -एम’ चालवून आकडे वहीत टिपून ठेवा. मग ३०० एमबीची फाइल लिहा:

डीडी आयएफ=/डेव्ह/यूरँडम ओएफ=/एमएनटी/खेळ/एक बीएस=१एम काउंट=३००

(बीएसमधला ‘एम’ मोठा.) बऱ्याच ठिकाणी अशा प्रयोगाला /डेव्ह/झीरो वापरतात. इथे ते मुद्दाम टाळून यूरँडममधले वाटेल तसे बाइट घेतलेत. नुसत्या शून्यांनी भरलेली पानं स्वॅपला जाताना दाबून नगण्य होऊ शकतात, आणि मग पुढच्या पायरीतले आकडे दिशाभूल करतील.

पुन्हा ‘फ्री -एम’. ‘शेअर्ड’ रकाना ३०० च्या आसपास वाढला असेल. ‘बफ/कॅश’ ही तेवढाच वाढलेला, आणि ‘अव्हेलेबल’ तेवढाच उतरलेला. इथे जरा थांबा, कारण नवख्यांना दिलेला एक लोकप्रिय सल्ला याच जागी गोत्यात आणतो. ‘बफ/कॅश कितीही दिसला तरी काळजी करू नका, ती मोकळीच मेमरी असते,’ असं सर्रास सांगितलं जातं. साध्या फाइलींपुरतं ते खरंही आहे. पण टीएमपीएफएसच्या फाइली याच रकान्यात मोजल्या जातात, आणि त्या मोकळ्या नसतात.

खात्री करून घ्या. साध्या फाइलींची कॅश कर्नलला मुद्दाम टाकून द्यायला लावता येते:

सिंक
एको ३ | सुडो टी /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस

(पाइपनंतरचा ‘टी’ म्हणजे टी, ई, ई अशा तीन अक्षरांची कमांड.) पुन्हा ‘फ्री -एम’ बघा. बफ/कॅश दणकन खाली आलेला असतो, पण शेअर्ड जागचा हललेला नसतो. डबा असलेल्या वाट्या उचलल्या गेल्या, बिनडब्याच्या राहिल्या. मशीन मंद झालं की मी तेव्हापासून आधी शेअर्ड बघतो. बफ/कॅशवर नजर नंतर.

आता ५१२ ची मर्यादा ओलांडायचा प्रयत्न करायचा असेल तर आणखी ३०० एमबी लिहून बघा. सुमारे २१२ एमबी गेल्यावर ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येईल. अर्धवट फाइल पुसून टाका आणि पुढे चला.

पायरी ४: फाइल माळ्यावर जाताना पकडा

आधी स्वॅप आहे का ते बघा: ‘स्वॅपऑन --शो’. काहीच छापलं नाही तर स्वॅप नाही. तसं असेल तर ही पायरी नुसती वाचा.

फाइल स्वॅपला जावी म्हणून सगळ्या मशीनची मेमरी भरून टाकायची गरज नाही. सिस्टिमडी असलेल्या आजच्या वितरणांवर एकाच कमांडला मेमरीची तंग चौकट घालता येते. त्या चौकटीतल्या प्रोग्रॅमनं टीएमपीएफएसमध्ये लिहिलेली पानंही त्याच्याच खात्यावर लागतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय.

सुडो सिस्टिमडी-रन --स्कोप -पी मेमरीमॅक्स=१००एम डीडी आयएफ=/डेव्ह/यूरँडम ओएफ=/एमएनटी/खेळ/दोन बीएस=१एम काउंट=२००

(मेमरीमॅक्समधले दोन्ही ‘एम’ मोठे, १०० नंतरचा आणि बीएसमधलाही.) चौकट १०० एमबीची आणि फाइल २०० एमबीची, तरी डीडी तक्रार न करता काम उरकतो. मग उरलेली शंभरेक एमबी गेली कुठे?

तीन ठिकाणी बघा. ‘डीएफ -एच /एमएनटी/खेळ’ सांगेल, ५०० एमबी वापरात. ‘फ्री -एम’ मध्ये शेअर्ड मात्र दोनशेनं न वाढता शंभराच्या आतबाहेर वाढलेला असेल. आणि स्वॅपच्या ओळीत ‘यूज्ड’ साधारण उरलेल्या आकड्यानं चढलेला.

या सगळ्या प्रयोगात माझ्या मते हाच क्षण महत्त्वाचा. डीएफ फाइलीची पानं मोजतो, मग ती ओट्यावर असोत की माळ्यावर. फाइलीचा निम्मा भाग डिस्कवर जाऊन पडलाय, याची त्याला गंधवार्ताही नसते. तुमच्या प्रोग्रॅमलाही नसते. फाइलीचं नाव, आकार, परवानग्या, सगळं जिथल्या तिथे. ‘टीएमपीएफएस म्हणजे रॅममधली फाइल’ या वाक्यातला ‘रॅम’ हा शब्द म्हणूनच अर्धवट आहे. टीएमपीएफएस राहते व्हर्च्युअल मेमरीत, आणि व्हर्च्युअल मेमरी म्हणजे रॅम अधिक स्वॅप.

आता ती परत खाली आणा:

टाइम सुडो कॅट /एमएनटी/खेळ/दोन > /डेव्ह/नल

हीच कमांड लगेच दुसऱ्यांदा चालवा. पहिल्या वेळी माळ्यावरची पानं उतरवावी लागतात, दुसऱ्या वेळी नाही. चांगल्या एसएसडीवर फरक डोळ्याला जाणवणार नाही, आकड्यांतच दिसेल. फिरत्या डिस्कवर मात्र चांगलाच जाणवतो. साधी फाइल ओळीनं वाचताना कर्नल पुढचा मोठा तुकडा आधीच उचलून आणतो. स्वॅपमधून मात्र पूर्वापार ठरलेल्या सेटिंगनुसार एका खेपेला ८ पानं, म्हणजे ३२ केबी, असा तो बेतानं चालतो. म्हणजे स्वॅपला गेलेली टीएमपीएफएस फाइल साध्या डिस्कवरच्या फाइलीपेक्षाही हळू वाचली जाऊ शकते. वेगासाठी जी फाइल मेमरीत ठेवली, तीच आता सगळ्यात मंद.

वाचून झाल्यावर स्वॅपचा आकडा उतरलेला दिसेल. पानं माळ्यावरून आली की माळ्यावरची जागा सुटते.

फेडोरा वापरत असाल तर एक अडचण येईल. ३३ व्या आवृत्तीपासून तिथे झेडरॅम हा स्वॅप आधीपासून मांडलेला असतो. हा माळा त्याच खोलीत आहे: पानं दाबून लहान केली जातात आणि पुन्हा रॅममध्येच ठेवली जातात. मजकूर, लॉग, सोर्स कोड छान दाबला जातो. व्हिडिओ, झिप किंवा आपल्या यूरँडमची फाइल दाबली जात नाही. अशा वेळी स्वॅपचा आकडा वाढलेला दिसतो, पण रॅम मात्र फारशी मोकळी होत नाही.

पायरी ५: स्वॅप नसेल किंवा भरला असेल तर

हा प्रयोग करायला सांगत नाही. काय होतं ते सांगतो.

मेमरी खरोखर संपली की कर्नल एखादी प्रक्रिया निवडून तिचा बळी देतो. ब्राउझर गेला, तर त्याची मेमरी सुटली आणि बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला. प्रोग्रॅमच्या मेमरीपुरता हा उपाय चालतो. पण टीएमपीएफएसमधली फाइल कुठल्याही प्रक्रियेच्या मालकीची नसते. ती लिहिणारा प्रोग्रॅम मारला तरी फाइल जागेवरच, आणि तिची पानंही जागेवरच. कर्नलला फाइली पुसायचा अधिकार नाही. म्हणून तो एकामागून एक निरपराध प्रक्रिया मारत सुटतो आणि खरा भार तसूभर हलत नाही. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजातच इशारा आहे की टीएमपीएफएसच्या मर्यादा अवाच्या सवा ठेवल्या तर मशीन कायमचं अडकून पडेल. माझ्या त्या दुपारी स्वॅप होता म्हणून निभावलं. तो नसता तर चालू काम गेलंच होतं.

यावरून हिशोब सरळ आहे. प्रोग्रॅमना गर्दीच्या वेळी लागणारी मेमरी आणि सगळ्या टीएमपीएफएस भरल्या तर होणारी बेरीज, दोन्ही मिळून रॅम अधिक स्वॅपच्या आत बसली पाहिजेत. ‘रॅम भरपूर आहे, स्वॅप कशाला’ म्हणणारे बरेच भेटतात. /टीएमपी टीएमपीएफएसवर असेल तर निदान २-४ जीबी स्वॅप ठेवाच, असं मी म्हणेन. आठवड्यापूर्वी टाकलेली आणि कोणी न बघितलेली पानं निमूट माळ्यावर जावीत, यासाठी तो हवा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ‘स्वॅपऑफ’ चालवलंत की माळ्यावरचं सगळं ओट्यावर आणायचा प्रयत्न होतो, टीएमपीएफएसच्या फाइलींसकट. जागा पुरली नाही तर कमांड मेमरीच्या कारणानं नकार देते. हा नकार पहिल्यांदा बघणारा बुचकळ्यात पडतो, कारण चालू प्रोग्रॅमची बेरीज केली तर मेमरी पुरायला हवी असते. फाइलींची बेरीज करायची राहिलेली असते.

पायरी ६: मर्यादा ठरवा

चालू टीएमपीएफएसचा आकार आत फाइली असतानाही बदलता येतो:

सुडो माउंट -ओ रीमाउंट,साइझ=१जी /एमएनटी/खेळ

वाढवणं केव्हाही चालतं. कमी करताना, आत आहे त्यापेक्षा खाली न्यायला गेलात तर नकार मिळतो. आतलं काही कापलं जात नाही. साइझ=० दिलं तर मर्यादाच उठते. ते करू नका.

रीस्टार्टनंतरही टिकावं म्हणून /ईटीसी/एफएसटॅब मध्ये एक ओळ:

टीएमपीएफएस /एमएनटी/खेळ टीएमपीएफएस साइझ=५१२एम,मोड=१७७७,नोएसयूआयडी,नोडेव्ह ० ०

/टीएमपी चं प्रकरण वेगळं. डेबियन आणि फेडोरावर ते सिस्टिमडीच्या टीएमपी.माउंट या युनिटमधून येतं. ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट टीएमपी.माउंट’ करून [माउंट] या मथळ्याखाली ऑप्शन्स=मोड=१७७७,नोएसयूआयडी,नोडेव्ह,साइझ=२जी अशी ओळ टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. (मथळ्याचा ‘एम’, ऑप्शन्सचा ‘ओ’ आणि शेवटचा ‘जी’ मोठे.) टीएमपीएफएसच नको असेल तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ आणि रीस्टार्ट. /टीएमपी पुन्हा डिस्कवर येईल. ४ जीबी रॅमच्या मशीनवर मी हेच करतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आकाराइतकीच फाइलींची संख्याही बघा. एका बाइटची फाइलसुद्धा एक अख्खं पान घेते. २०० बाइटच्या १ लाख फाइली म्हणजे मजकूर २ कोटी बाइट, जेमतेम २० एमबी. पानं मात्र १ लाख, म्हणजे सुमारे ४०० एमबी. शिवाय प्रत्येक फाइलीमागे कर्नल नाव, मालक, वेळ यांची नोंद ठेवतो. ती नोंद कर्नलच्या स्वतःच्या मेमरीत असते आणि ती कधीच स्वॅपला जात नाही. म्हणूनच साइझसोबत फाइलींच्या संख्येवर वेगळी मर्यादा असते. ‘डीएफ -आय’ ती दाखवतो. जागा दिसत असून ‘जागा शिल्लक नाही’ असं आलं तर तिथे बघा.

आणखी एक भूत असतं. फाइल पुसली, तरी डीएफचा आकडा उतरत नाही. एखाद्या प्रोग्रॅमनं ती उघडी धरलेली असते, आणि तो सोडेपर्यंत पानं सुटत नाहीत. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ (एल मोठा) अशा बिननावाच्या फाइली आणि त्या धरून बसलेले प्रोग्रॅम दाखवतो.

पायरी ७: काय ठेवायचं, काय नाही

सॉकेट, लॉक फाइली, छोट्या मधल्या फाइली, चाचण्यांचा कचरा यासाठी टीएमपीएफएस उत्तम. रीस्टार्टमध्ये सगळं साफ होतं, हा तिचा मोठा फायदा. व्हिडिओचं संपादन, आयएसओ फाइली, मोठ्या डेटाचं सॉर्टिंग हे /व्हार/टीएमपी कडे न्या. ते डिस्कवर असतं आणि रीस्टार्टनंतरही टिकतं. बहुतेक प्रोग्रॅम टीएमपीडीआयआर हे चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) बघतात, म्हणून कमांडच्या आधी टीएमपीडीआयआर=/व्हार/टीएमपी लिहिलं की काम होतं. (टीएमपीडीआयआर सगळं मोठ्या अक्षरांत.)

डेटाबेस इथे ठेवून ‘बघा किती वेगवान’ म्हणणारे असतात. वेगवान असणारच. डेटा डिस्कवर पक्का लिहून घ्यायची विनंती टीएमपीएफएस ऐकल्यासारखं करते आणि काहीच करत नाही. चाचणीसाठी ठीक.

आणि वेगाबद्दल थोडं खवचटपणे. साध्या डिस्कवर लिहिलेली फाइलही आधी रॅममध्येच जाते. डिस्कवर उतरायला तिला साधारण ३० सेकंदांची मुभा असते. तेवढ्यात ती पुसली गेली तर डिस्कला पत्ताही लागत नाही. त्यामुळे क्षणभर जगणाऱ्या छोट्या फाइलींसाठी टीएमपीएफएसचा फायदा लोक सांगतात तितका मोठा नाही.

पायरी ८: पासवर्ड आणि किल्ल्या

‘रॅममध्ये ठेवलंय, डिस्कवर जाणारच नाही’ या भरवशावर गुपितं टीएमपीएफएसमध्ये ठेवणारे चौथी पायरी विसरतात. ती पानं स्वॅपला गेली की तुमची किल्ली डिस्कवर लिहिली गेली, आणि मशीन बंद केल्यावरही तिथे राहू शकते. लॅपटॉप हायबरनेट केला तर अख्खी मेमरीच डिस्कवर उतरते. उपाय तीन. स्वॅप कूटबद्ध करा. मला हाच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. कर्नल ६.४ किंवा त्यापुढचा असेल (तो २०२३ चा) तर माउंट करताना ‘नोस्वॅप’ हा पर्याय द्या. किंवा टीएमपीएफएसची धाकटी बहीण रॅमएफएस वापरा. ती कधीच स्वॅपला जात नाही. पण तिला आकाराची मर्यादाही नसते. कोणी त्यात लिहीतच सुटलं तर रॅम संपेपर्यंत लिहिलं जातं, म्हणून तिथे लिहायचा अधिकार फक्त रूटला ठेवा.

पायरी ९: कंटेनर वापरत असाल तर

डॉकर प्रत्येक कंटेनरला /डेव्ह/एसएचएम देतो, पण ६४ एमबीचंच. कंटेनरमध्ये क्रोम चालवला की टॅब धडाधड पडतात, पोस्टग्रेस ‘शेअर्ड मेमरीचा तुकडा वाढवता आला नाही, जागा नाही’ म्हणतो, आणि आपण डिस्क तपासत बसतो. डिस्कचा काही संबंध नसतो. कंटेनर सुरू करताना --एसएचएम-साइझ=१जी दिलं की प्रश्न मिटतो.

कुबरनेटिसमध्ये मेमरी माध्यमावरचा एम्प्टीडिर हीसुद्धा टीएमपीएफएसच, आणि तिच्यात लिहिलेलं कंटेनरच्या मेमरी मर्यादेत मोजलं जातं. ५१२ एमबीच्या मर्यादेत ४०० एमबी फाइली लिहिल्यात, तर तुमच्या प्रोग्रॅमला ११२ एमबी उरल्या. आपण चौथ्या पायरीत घातलेली चौकट ती हीच. फरक इतकाच की अशा ठिकाणी बहुधा स्वॅप नसतो, त्यामुळे प्रोग्रॅम थेट मारला जातो.

आवराआवर

आधी टर्मिनलमध्ये ‘सीडी’ करून खेळच्या बाहेर या. आत उभं राहून माउंट काढायला गेलात तर ‘टार्गेट इज बिझी’ ऐकावं लागेल. मग:

सुडो यूमाउंट /एमएनटी/खेळ

(यूमाउंटमध्ये यू नंतर ‘एन’ नाही, यू, मग थेट माउंट.) शेवटचं एकदा ‘फ्री -एम’ चालवा आणि वहीतल्या पहिल्या आकड्यांशी ताडून बघा. शेअर्ड आणि स्वॅप दोन्ही क्षणात मूळ जागेच्या आसपास आलेले असतील. एफएसटॅबमध्ये ओळ टाकली असेल, तर तीही आठवणीनं काढा.